परदेशप्रवास आणि पैशाचे भान

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या विहारात उषवदाताचा एक शिलालेख आहे. भिक्खुसंघासाठी त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक असे व्याज ठरले. त्याचे वर्षाला २४० होतात. वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत, अशी ही योजना होती. मुद्दलाला मात्र हात लावायचा नाही, केवळ व्याज वापरायचे, असे तो लेख बजावतो. मुद्दल सुरक्षित ठेवून खर्चाचा वाटा निराळा काढावा, हा धडा आपल्याच डोंगरात कोरलेला आहे.

आज आपली मुलेमुली शिक्षणासाठी परदेशी जातात, वडीलधारी मंडळी लुंबिनीच्या यात्रेस निघतात. त्या पैशामागे पुष्कळदा आईवडिलांची आयुष्यभराची बचत असते. म्हणून बचतीच्या मुख्य खात्याचे कार्ड प्रवासात वापरू नये. निराळे खाते उघडून त्यात गरजेपुरतीच रक्कम ठेवावी.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड प्रथम देशातच चालते. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावयाचा असतो. तेव्हाच खर्चाची मर्यादाही ठरवता येते. हे काम निघण्यापूर्वी करावे. भारतीय सिमचे रोमिंग बंद राहिले तर ओटीपी येत नाही आणि व्यवहार अडतो. परदेशी दुकानात वा एटीएमवर ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ असे विचारले गेल्यास स्थानिक चलन निवडावे. रुपयांत रूपांतराचा दर बहुधा महाग पडतो.

नेपाळची गोष्ट निराळी आहे. तेथे जाण्यासाठी आपल्या बँका परकीय चलन देत नाहीत, म्हणून डॉलरचे फॉरेक्स कार्ड तेथे उपयोगी नाही. १९९३ पासून आपल्या १०० रुपयांस नेपाळचे १६० रुपये हा दर कायम आहे. तो पाठ असला की सोनौलीच्या सीमेवर कोणी फसवू शकत नाही. जवळ शंभराच्या व लहान नोटा असाव्यात.

कार्ड, रोख रक्कम आणि बँकेचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावा. कार्ड हरवल्यास संकोच न करता तत्काळ बँकेस कळवावे. पिन व ओटीपी सहप्रवाशासही सांगू नये.

तथागतांनी शिकविलेला अप्रमाद पैशाच्या व्यवहारातही पाळावयाचा असतो. कष्टाच्या पैशाचा मान राखण्याचा तोच मार्ग आहे.