थंडीत मिरची उगवत नाही? बियाला ऊब द्या

तायांनो, उन्हाळी मिरचीची रोपं टाकायचे दिवस आले की बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बी खोटं निघालं." कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा बी चांगलं असतं, नुसतं गारठलेलं असतं.

मिरची, वांगी, टोमॅटोच्या बियाला २५ ते ३० अंश ऊब लागते. एवढी ऊब मिळाली तर मिरची ७ ते १० दिवसांत वर येते. जानेवारीच्या रात्री ओली माती गार पडते, मग तीच मिरची तीन-तीन आठवडे घेते आणि तोवर बरंचसं बी मातीतच कुजतं. गटाच्या अंतर्गत कर्जातून पाकीट घेतलेलं असेल तर रोप येवो न येवो, हप्ता द्यावाच लागतो.

म्हणून आधी परीक्षा घ्या. २० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, डब्यात घालून चुलीजवळच्या उबेत ठेवा. चुलीवर नाही! फडकं सुकू देऊ नका. दोन आठवड्यांत १२ किंवा जास्त मोडावल्या तर बी ठीक आहे, कारण प्रमाणित मिरची बियाण्याची उगवण किमान ६० टक्के लागते. फारच कमी आल्या तर पाकीट, लेबल आणि पावती जपून ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. पावतीशिवाय कुणी ऐकत नाही, हे सांगायला नकोच.

आता ऊबपेटी. काकडी-कारल्याचं बी फडक्यात बांधून शेणखताच्या उबेत ठेवायची आपल्या सासवांची रीत होतीच, ही त्यातलीच गोष्ट. मासळीवाल्याकडून झाकणाचं थर्माकोलचं खोकं आणा, धुऊन घ्या. कोकोपीट भरलेला ट्रे आत ठेवा, मोठा पडला तर कात्रीने अर्धा कापा. बी अर्धा ते एक सेंटीमीटरच खोल टाका. ट्रेच्या दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून झाकण लावा. उकळतं पाणी नको, प्लास्टिकची बाटली आकसते. आंघोळीचं कडक पाणी पुरे. रात्री झोपताना आणि पहाटे बदला. आत थर्मामीटर ठेवलात तर अंदाजावर राहावं लागत नाही; ३५ च्या वर गेलं तर झाकण थोडं उघडा.

काहीजणी कोंबडीच्या पिल्लांसारखा बल्ब लावतात. ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब १२ तासांत अर्धा युनिटही खात नाही. एलईडीचा उपयोग नाही, तो उजेड देतो, ऊब फारशी नाही. पण ओला ट्रे, वीज आणि थर्माकोल एकत्र म्हणजे धोका. थर्माकोल वितळतं, पेटतंही. घरात लहान मुलं असतील तर मी बाटल्याच सांगेन.

पाकिटातलं बी लाल-निळ्या रंगाचं असेल तर त्याला औषध लावलेलं असतं. ते भिजवू नका, हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

पेटी रोज दोनदा उघडून बघा. निम्म्या घरांत कोंब दिसले की ट्रे त्याच दिवशी उजेडात काढा. एक-दोन दिवस जरी अंधारात जास्त राहिला तरी रोपं पांढरी, लांबुडकी होऊन आडवी पडतात. नंतर दिवसा ऊन, रात्री घरात किंवा गोणपाटाखाली. पाणी सकाळी ऊन चढल्यावर द्या. संध्याकाळी दिलं तर कोकोपीट रात्रभर गार-ओलं राहतं आणि रोपं बुडाशी कुजून कोलमडतात.