चिकटलेले बटण आणि साखरेचा स्वभाव

मे महिन्यातील दुपार. घाटकोपरच्या एका घरात बहीण-भाऊ व्हिडिओ गेम खेळत बसले आहेत. शेजारी कोकम सरबताचा पेला. खेळ रंगात येतो, कोपर लागते आणि अर्धा पेला कंट्रोलरवर सांडतो. भाऊ फडक्याने पुसून घेतो. तासाभरात सारे कोरडे दिसते, खेळ पुन्हा सुरू होतो. पुढे जून उजाडतो, पाऊस लागतो, आणि एक बटण दाबले की दबलेलेच राहू लागते! "ताई, हे तर वाळलं होतं ना गं?" भाऊ विचारतो.

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे उत्तर सापडले, की बटण मोकळे करण्याचा मार्गही सापडतो.

बटणाच्या खाली काय असते?

पुष्कळशा कंट्रोलरमध्ये बटणाखाली सिलिकोन रबराची लहानशी टोपी असते. टीव्हीच्या रिमोटमध्येही अशीच रचना असते. टोपीच्या आतील बाजूस कार्बनयुक्त काळी टिकली असते आणि तिच्याखाली, सर्किटच्या पट्टीवर, एकमेकींना न टेकणाऱ्या दोन वाहक रेषा. बटण दाबले की टिकली दोन्ही रेषांना जोडते व मंडल पूर्ण होते. बोट उचलले की रबर आपल्या लवचिकतेने बटण वर ढकलते. हा रेटा अगदी थोडा असतो. बटणाभोवतीच्या फटीत साखरेचा दाट पाक साचला, तर त्यापुढे रबराचे काही चालत नाही.

साखर खरोखर वाळते का?

सरबतातील पाण्याचे बाष्पीभवन होते. साखरेचे होत नाही. ती फटीतच राहते. शिवाय अमृत कोकम करताना कोकमाच्या साली साखरेत घालून कित्येक दिवस उन्हात ठेवतात. आम्लाच्या सान्निध्यात साखरेच्या काही रेणूंचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होते. यांतील फ्रुक्टोज फार आर्द्रताशोषक आहे. २५ अंश सेल्सियसला हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६२ टक्क्यांच्या वर गेली, की ते हवेतील बाष्प शोषून स्वतःच विरघळू लागते. उसाच्या साखरेसाठी हाच आकडा सुमारे ८५ आहे.

मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता साधारणपणे ८० टक्क्यांच्या पुढे असते. म्हणजे वाळलेला वाटणारा थर पावसाळ्यात पुन्हा पाक बनतो. पंखा किंवा तांदळाचा डबा फार तर पाणी घालवील. साखर मात्र काढावीच लागेल.

द्रावक कोणता?

अनेक जण अशा वेळी स्पिरिट घेऊन बसतात. परंतु साखरेच्या रेणूवर ८ हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्याचे रेणू त्यांना हायड्रोजन बंधांनी धरून सुटे करतात. म्हणूनच २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते! शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ती जवळजवळ विरघळतच नाही. ७० टक्क्यांच्या द्रावणाने थोडा उपयोग होतो, तो त्यातील पाण्यामुळे. तेव्हा साखर काढायला पाणी आणि मागे राहिलेले पाणी घालवायला अल्कोहोल, अशी कामाची वाटणी करावी. अल्कोहोल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते आणि लवकर उडून जाते.

सफाई कशी करावी?

१. सांडताच कंट्रोलर बंद करा, वायर काढा, सेल निघत असतील तर काढा. कंट्रोलर उपडा धरून टिपून घ्या. बटणे दाबू नका. दाबल्याने सरबत आत जाते. वीज चालू राहिली तर ओल्या रेषांमध्ये विद्युत अपघटन होऊन धातूचे क्षरण होते.

२. बटणच चिकटत असेल, तर कापसाची काडी कोमट पाण्यात बुडवून पिळून घ्या व बटणाच्या कडेने फिरवा. मधूनमधून बटण दाबा-सोडा. काडी दर वेळी नवी घ्या.

३. तरीही न सुटल्यास घरातील मोठ्यांच्या मदतीने स्क्रू काढा. आधी रचनेचे चित्र काढून ठेवा. प्लॅस्टिकची बटणे व रबर कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवा. काळ्या टिकल्या घासू नका. फुगलेली बॅटरी दिसली तर हात लावू नका, जाणकाराकडे न्या.

४. सर्किटच्या पट्टीसाठी नळाचे पाणी नको. विहार, तुळशी, तानसा, भातसा, कोणत्याही तलावाचे असो, त्यात थोडे क्षार असतात व वाळल्यावर ते मागे राहतात. बॅटरीत घालण्याचे ऊर्ध्वपातित पाणी काडीला लावून पट्टी पुसा, मग अल्कोहोलने. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. शेगडी, निरांजन दूर हवे आणि खिडकी उघडी.

५. सर्व भाग सावलीत, पंख्याखाली किमान एक दिवस वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस. मगच जोडणी करा. तेल सोडू नका, त्यावर धूळ बसते.

करून पाहा

प्लॅस्टिकच्या तीन झाकणांवर कोकम सरबताचा एकेक थेंब दोन दिवस वाळू द्या. पहिले झाकण अल्कोहोलच्या काडीने, दुसरे थंड पाण्याच्या, तिसरे कोमट पाण्याच्या काडीने पुसा. कोठे किती फेरे लागले ते वहीत लिहा. हाच प्रयोग जानेवारीत व जुलैत करून थेंबाचा चिकटपणा बोटाने तपासा.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. बटाटेवडा खाल्लेल्या हातांनी खेळल्यामुळे बटण बुळबुळीत झाले, तर नुसते पाणी चालेल का? आधी डाग कशाचा आहे ते ओळखा. द्रावक त्यावरूनच ठरतो.