मोक्षपट : दान आणि चाल

चातुर्मासातल्या पावसाळी संध्याकाळी हरिपाठ झाला की लेकरांना बाहेर जाता येत नाही. मग आमच्या गुलमंडीच्या घरी पट मांडला जातो. बाजारातून आणलेल्या पुठ्ठ्याच्या एका अंगाला सापशिडी असते, दुसऱ्या अंगाला लुडो. दोन्ही खेळ मूळचे आपलेच, विलायतेला जाऊन नाव बदलून परत आलेले. पचिशीवरून तिकडे लुडो केला व १८९६ साली त्याचे पेटंट घेतले. ज्ञानचौपडीवरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडची सापशिडी निघाली. पुढे घरांची नावे गेली, नुसते आकडे राहिले.

आपल्याकडे या ज्ञानचौपडीचे नाव मोक्षपट. त्यातल्या घरांना नावे असतात. काम, क्रोध, लोभ या घरी साप डसतो, सोंगटी खाली येते. सद्गुणाच्या घरी शिडी लागते. जन्मापासून निघायचे आणि मोक्षाला पोचायचे, एवढाच खेळ. यंदा आम्ही नातीकडून त्या पुठ्ठ्यावरच ही नावे लिहून घेतली आणि फाशाऐवजी कवड्या घेतल्या. जितक्या कवड्या उताण्या, तितकी घरे चालायची.

दोनचार डाव झाले. नातीची सोंगटी लोभाच्या घरी पडून पार तळाला आली. पोर रडकुंडीला येऊन म्हणाली, "आबा, मी कुठे लोभ केला? कवड्याच तशा पडल्या!"

शंका मोठी खरी. सारीपाटात सोंगट्या पुष्कळ. कोणती चालवायची ते खेळणारा ठरवतो. मोक्षपटात ज्याची त्याची सोंगटी एकच. पडेल ते दान, जाईल तिथे सोंगटी. मग पाप कुणाचे आणि पुण्य कुणाचे?

आम्ही शास्त्राप्रमाणे सांगू लागलो : बाळ, कर्म तीन प्रकारचे. साठलेले ते संचित, त्यातले भोगायला आलेले ते प्रारब्ध, आता हातून घडते ते क्रियमाण. कवडी म्हणजे प्रारब्ध. ते भोगून... इतके बोलता बोलता आमचे दान पडले चार. चौथ्या घरी मत्सराचा साप. आमच्या हाताने सोंगटी पाचव्या घरी ठेवली.

नात म्हणाली, "आबा, तुम्ही एक घर जास्त चाललात."

घरातले सगळे आमच्याकडे पाहू लागले. "नजर चुकली," असे आम्ही म्हणालो. नजर चुकली नव्हती. चाळीस वर्षे कीर्तनात षड्रिपू सांगितले, आणि पुठ्ठ्यावरच्या सापालाही भ्यालो! थोड्या वेळाने आम्ही तसे कबूल केले, सोंगटी उचलली, सापाच्या तोंडी ठेवली आणि खाली आलो. तेव्हा पोर हसली.

शंकेचे समाधान आमच्या व्याख्यानाने झाले नाही, या चुकीने झाले. दान आपल्या हाती नाही. चाल आपल्या हाती आहे. खरे मोजणे, पडलो तर पट न उधळणे, दुसरा पडला तर न हसणे, हे क्रियमाण. लोभाच्या घरी पडलेली नात निर्दोष होती. एक घर चोरणारे आम्ही दोषी होतो.

हाच नेम बोलण्यालाही लावावा. मोक्षपट ज्ञानेश्वर महाराजांनी रचला अशी परंपरा आहे, आणि माउलींचे आपेगाव आमच्या जिल्ह्यातले, पैठणजवळचे. म्हणून ती सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. परंतु माउलींनी समाधी घेतली १२९६ साली, आणि अभ्यासकांच्या हाती आलेले पट बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत. कोपनहेगन विद्यापीठात याकोब श्मिट-मॅडसेन यांनी २०१९ साली याच खेळावर प्रबंध लिहिला, तोही त्याच दोन शतकांवर. तेव्हा कीर्तनकाराने "परंपरा आहे" एवढेच म्हणावे. त्यापुढे जाणे म्हणजे पुन्हा एक घर जास्त चालणे. माउलींचे मोठेपण त्यावाचून अडलेले नाही.

म्हणून विनंती ही, की घरी पट मांडावा. पैसा लावू नये. द्यूताने पांडवांचे काय झाले ते आपण जाणतोच. वडिलांनी लेकरांबरोबर खाली बसावे, हरावे, आणि मोजणी लेकरांकडे द्यावी.

रामकृष्णहरी.