सरासरी आणि विचलन

‘यंदा पाऊस सरासरीइतका झाला’ हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. ते ऐकून शेतकऱ्याने निश्चिंत व्हावे काय?

समजा, एका गावात पाच वर्षांत अनुक्रमे ५८, ६१, ६०, ६३ व ५८ सेंटिमीटर पाऊस पडला. बेरीज ३००, तिला ५ ने भागले की सरासरी ६० येते. दुसऱ्या गावाच्या नोंदी ३०, ९५, ५२, ८८ व ३५ अशा आहेत. येथेही बेरीज ३०० आणि सरासरी ६०च. पहिल्या गावी पीक हाती येईल; दुसऱ्या गावी कधी ते करपेल, कधी वाहून जाईल.

प्रत्येक नोंदीतून सरासरी वजा केली असता जी संख्या मिळते, तिला विचलन म्हणतात. पहिल्या गावाची विचलने –२, +१, ०, +३, –२ ही होत. दुसऱ्याची –३०, +३५, –८, +२८, –२५. दोन्हींची बेरीज शून्य येते. हा योगायोग नव्हे. एकूण बेरीज सर्वांत सारखी वाटली असता येणारा वाटा म्हणजे सरासरी. त्यामुळे काही नोंदी त्याहून जितक्या अधिक, तितक्याच उरलेल्या नोंदी मिळून कमी भरतात.

परंतु याच गुणधर्मामुळे चढउतार मोजण्यास ही बेरीज निरुपयोगी ठरते. म्हणून विचलनांचे वर्ग करतात, म्हणजे ऋण चिन्ह उरत नाही. वर्गांची बेरीज पहिल्या गावी १८, दुसऱ्या गावी ३५९८. तिला ५ ने भागून वर्गमूळ काढले की प्रमाण विचलन मिळते : सुमारे १.९ आणि २६.८ सेंटिमीटर. दोन गावांतील फरक आता आकड्यांतून दिसला. आणखी एक गंमत अशी, की सरासरीऐवजी दुसरी कोणतीही संख्या घेतली तर वर्गांची बेरीज वाढतेच. पहिल्या गावासाठी ५५ घेतल्यास ती १४३ होते.

भारतीय हवामान विभागाने १९७१ ते २०२० या काळावरून काढलेली देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे. २००२ साली देशात पाऊस सरासरीहून १९ टक्के कमी झाला. ही तूट चार महिन्यांत सारखी विभागलेली नव्हती. ऐन पेरणी-लावणीच्या जुलैत पाऊस नेहमीच्या सुमारे निम्माच पडला होता.

आता दोन्ही गावांच्या प्रत्येक नोंदीतून ५ वजा करा. सरासरी ५५ होईल. प्रमाण विचलन बदलते का, ते स्वतः काढून पाहा.