सोमवारी रुजू होशील तेव्हा

पोरी, टाचणवही बरोबर ने, पण पहिला आठवडाभर ती पिशवीतच राहू दे. आधी मुलांना बोलू दे. अमळनेरकडची पोरं घरात अहिराणी बोलतात. कुणी ‘मना बाप वावरमा गया’ म्हणालं तर तिथल्या तिथे सुधारायला जाऊ नकोस. टोकलेलं पोर महिनाभर तोंड उघडत नाही. त्याची गोष्ट पुरी होऊ दे. मग तेच वाक्य फळ्यावर डावीकडे अहिराणीत, उजवीकडे पुस्तकी मराठीत लिही आणि फरक त्यांनाच शोधायला लाव. ‘वावरमा’तला ‘मा’ आणि ‘शेतात’मधला ‘त’ एकच काम करतात, हे चौथीतलं पोरही आपणहून सांगतं. विभक्तीचा तक्ता त्यानंतर.

शुद्धलेखनाचे नियम अठरा, 1962 चे चौदा आणि 1972 चे चार. ते तुला पाठ हवेत, मुलांना नव्हे. त्यांच्यासमोर नुसत्या जोड्या मांड: खीर, खिरीत, फूल, फुलाला, वीट, विटेवर. वेलांटी-उकार कधी ऱ्हस्व झाला ते त्यांना हुडकू दे, आणि घरून आणखी जोड्या आणायला सांग. एखादी चुणचुणीत पोरगी ‘गीत, गीतात’ घेऊन येईल नि विचारेल, मॅडम, हिची का नाही बदलली? संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द शिकवायची वेळ तीच. त्याआधी ‘तत्सम’ हा शब्द उच्चारूही नकोस.

श्रुतलेखनात शब्द तोडून सांगू नकोस. अख्खं वाक्य सावकाश वाच, त्यांना ओठातल्या ओठात घोळवू दे, मग लिहू दे. वही तपासताना आज फक्त अनुस्वार, उद्या फक्त जोडाक्षरं. लालेलाल वही कुणी परत उघडत नाही (आमचे काही सहकारी मात्र लाल शाईलाच मेहनत समजत).

साने गुरुजी त्याच अमळनेरच्या छात्रालयात हस्तलिखित दैनिक काढत. रोजचं तुला झेपायचं नाही. आठवड्याला एक पान भिंतीवर लाव, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. ‘माझा आवडता ऋतू’ नको. कापसाला काय भाव मिळाला, कुणाची म्हैस व्याली, बोअरला पाणी लागलं का, असलं लिहून घे. साहेब येणार म्हटलं की हेडमास्तर ‘सुवाच्य तेवढंच लावा’ म्हणतील. हो म्हण, आणि एखादं गिचमिड अक्षरातलंही मधोमध चिकटव.