यात्रेच्या मुक्कामी ट्रॉली कशी उभी करावी



२४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात नोव्हेना सुरू होते व ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते. आपल्याकडून पायी जाणाऱ्यांबरोबर शिधा, भांडी व अंथरुणे घेऊन ट्रॅक्टरची ट्रॉली असतेच. ट्रॉली सामानासाठी आहे. तीत माणसे बसवणे कायद्याला मान्य नाही, आणि चोर्ला घाटात तर तो जिवाशी खेळ होय. परंतु आज आम्हाला सांगावयाचे आहे ते मुक्कामाविषयी.

दोन चाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडली की ती तराजूसारखी होते. सगळा भार एका आसावर. मागे वजन पडले की पुढची दांडी वर उचलली जाते. एका वर्षी आमच्याच तुकडीत हे घडले. ट्रॅक्टर पाणी आणावयास गेला होता, दांडीखाली जॅक होता. दोघी भगिनी तांदळाचे पोते काढण्यासाठी मागच्या फाळक्यावर चढल्या आणि ट्रॉली मागे कलंडली. एकीचे मनगट मोडले. दोष त्यांचा नव्हता. मागे आधार लावण्याचे आम्हा कोणालाच सुचले नव्हते.

म्हणून उजेड असतानाच मुक्कामी पोहोचावे व जागा चालून पाहावी. ओढ्याचे पात्र, विजेच्या तारांखालची जागा, वाळक्या फांद्यांचे झाड व रस्त्याची कड टाळावी. वाळूवर घर बांधणाऱ्याची गोष्ट आपण मिस्सात कितीदा ऐकली आहे. भुसभुशीत जमिनीत जॅकचेही तेच होते. जॅकखाली जाड फळी हवीच.

क्रम महत्त्वाचा आहे. ट्रॅक्टर जोडलेला असतानाच जे चाक खोलगट बाजूला येईल त्याखाली फळी घालून ट्रॉली तीवर चढवावी, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतील. गवंड्याची पाणसळ नसेल तर पाण्याचे ताट ठेवून पाहावे. मग दोन्ही चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे घट्ट बसवावेत. ठोकळ्यांआधी पिन काढू नये, उतारावर तर मुळीच नाही. त्यानंतर जॅक लावावा, पिन काढावी, ट्रॅक्टर पुढे घ्यावा आणि जॅकनेच पुढची बाजू समतल करावी. शेवटी मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली भक्कम ओंडके सारावेत. हे ओंडके वजन पेलण्यासाठी नव्हेत, डोलणे थांबवण्यासाठी आहेत. ट्रॉली उचलून त्यांवर ठेवू नये. ट्रॅक्टरचा ब्रेक लावून चावी चालकाने खिशात ठेवावी. मुलांना चावी दिसली की त्यांचे हात शिवशिवतात.

सावली मिळते म्हणून पुष्कळजण ट्रॉलीखाली झोपतात. असे कधीही करू नये, ठोकळे लावले असले तरी नाही.

थंडी वाजते म्हणून ताडपत्री चहूकडून बांधून आत निखाऱ्यांची शेगडी ठेवणे हा त्याहून मोठा धोका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते आणि झोपलेला माणूस उठत नाही. शेगडी बाहेरच असावी व ताडपत्री दोन बाजूंनी उघडी ठेवावी. गॅसचा सिलिंडरही बाहेर, उभा, चुलीपासून दूर.

आणखी एक गोष्ट, जी आपले वडीलधारे हसण्यावारी नेतात. सन १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप आता सत्तरी व दोडामार्गपर्यंत आलेला आहे. तो गोचिडीच्या चाव्याने होतो, आणि याच कोरड्या दिवसांत वाढतो. जंगलाकडेच्या पाचोळ्यावर अंथरूण घालू नये, ट्रॉलीतच झोपावे. रोज संध्याकाळी अंग व कपडे तपासावेत. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. घरी परतल्यावर एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाल्यास डॉक्टरांना जंगलातून आल्याचे आवर्जून सांगावे.

सकाळी निघताना क्रम उलटा. आधी ओंडके काढावेत, मग ट्रॅक्टर जोडावा. ट्रॅक्टर मागे येत असताना दोहोंच्या मध्ये कोणीही उभे राहू नये. चालक थांबल्यावरच पिन घालावी. ठोकळे सर्वांत शेवटी काढावेत. चुलीवर पाणी ओतावे आणि ठोकळे विसरू नयेत. पुढच्या मुक्कामी ते लागतील.