ट्रकचा हवामार्ग : पाना कोठे चालवावा, करवत कोठे लावू नये

पारनेर तालुक्यातील सुपा येथे पुणे-नगर रस्त्यालगत औद्योगिक वसाहत वाढली, तशी मालट्रकांची वर्दळ वाढली आणि गॅरेज, वेल्डिंग, रेडिएटर, टायर यांची कामेही वाढली. या कामांत आपले अनेक बांधव आहेत. त्यांच्याकडे गाडीमालक एक तक्रार नेहमी घेऊन येतात : "उस्ताद, गाडी ओढत नाही, हवेचे काहीतरी करून द्या." मग कोणी एअर क्लीनरच्या डब्याला भोके पाडून देतो, कोणी आतला छोटा फिल्टर काढून फेकतो, तर कोणी कॅबिनमागचा उंच पाइप कापून बाजारातला उघडा, कोनाच्या आकाराचा फिल्टर बसवतो. गाडीचा आवाज भारदस्त होतो आणि मालकाला वाटते की ताकद वाढली. ती खरोखर वाढते काय, हे कारागिराने एकदा नीट समजून घेतले पाहिजे, कारण या कामाचे पैसे आपण घेत असतो.

प्रथम हिशेब पाहू. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. एक लिटर डिझेलचे वजन साधारण ८३० ग्रॅम, म्हणजे एका लिटरला १२ किलो हवा आली. आकारमानात ही हवा सुमारे १० हजार लिटर भरते, आणि डिझेल इंजिन प्रत्यक्षात याहूनही बरीच जास्त हवा ओढते. जुन्या टाटा ट्रकांवरचे बिनटर्बोचे ६९७ इंजिन घ्या. त्याचे सहा सिलिंडर मिळून पावणेसहा लिटरच्या आसपास भरतात. २००० फेऱ्यांवर हे इंजिन मिनिटाला पावणेपाच हजार लिटरच्या घरात हवा गिळते. सुप्याच्या उन्हाळ्यात, कच्च्या प्लॉटमधून आणि रस्त्याच्या कामातून जाताना, या हवेबरोबर किती माती आत जाऊ पाहते याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता मुख्य मुद्दा. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर हवेचा पडदा उघडतो. साध्या डिझेल इंजिनात असा पडदा नसतो. हवा जेवढी मावेल तेवढी येतच असते आणि ॲक्सिलरेटर फक्त डिझेल कमी-जास्त करतो. म्हणजे ताकद ठरते पंपाने दिलेल्या डिझेलवर. दिलेले डिझेल पुरते जळण्याइतकी हवा अगोदरच येत असेल, तर मार्ग कितीही मोकळा करा, ताकद वाढणार नाही. हवा कमी पडत असेल तर त्याची खूण धुराड्यातून दिसते : चढावर, भरल्या गाडीत काळा धूर. काळा धूर नाही आणि तरीही गाडी ओढत नाही, तर दोष डिझेल फिल्टरमध्ये, पंपात, क्लचमध्ये किंवा चिकटलेल्या ब्रेकमध्ये शोधावा. एअर क्लीनर कापून तो सापडणार नाही. काळा धूर असला तरी तो नोझल खराब झाल्याने किंवा कोणी पंपाची सेटिंग वाढवून ठेवल्यानेही येतो, हे विसरू नये.

मुंबईहून परतलेले ड्रायव्हर म्हणतात की गाडी तिकडे मोकळी पळते आणि इकडे जड होते. यात तथ्य आहे. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे, म्हणून येथील हवा तेवढ्याच तापमानाला सुमारे सात टक्के विरळ असते. त्याहून मोठा फटका उष्णतेचा. ४० अंशांची हवा इंजिनाजवळून ओढल्यामुळे ७० अंशांची झाली, तर ती जवळजवळ नऊ टक्के हलकी होते. उघडा फिल्टर बॉनेटखाली किंवा रेडिएटरमागे बसवणारा कारागीर नेमके हेच करतो. वाट मोकळी केली असे तो सांगतो, पण आत तापलेली, पातळ हवा सोडतो. कंपनीने पाइप उंच नेला त्याला दोन कारणे आहेत : वर हवा थंड मिळते आणि चाकांनी उडवलेली धूळही तेथे कमी असते.

मग घरच्या घरी काय करता येते? बरेच काही, आणि बहुतेक काम स्वस्त आहे. सुरुवात मापापासून करावी. साधारण सव्वा मीटर उंच फळीवर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी 'यू' आकारात बांधा आणि तिच्यात अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. फिल्टरनंतरच्या पाइपवर जेथे लाल पट्टीचा इंडिकेटर असतो, तो काढून तेथे निपल लावा आणि नळीचे एक टोक त्याला जोडा. दुसरे टोक उघडे राहील. बिनटर्बो इंजिन असेल तर गाडी उभी करून पूर्ण ॲक्सिलरेटरवर माप घेता येते. टर्बो गाडीचे माप मात्र ओझ्याखालीच खरे येते. त्यासाठी लांब नळी घेऊन फळी कॅबिनमध्ये ठेवावी आणि कामरगावच्या घाटात भरली गाडी चढत असताना शेजारी बसलेल्या माणसाने आकडा वाचावा. ड्रायव्हरने रस्त्यावरच लक्ष ठेवावे. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे इंजिनाला हवा ओढण्यास पडणारा त्रास. अनेक टर्बो डिझेल इंजिनांसाठी हा फरक २५ इंचांवर, म्हणजे ६३५ मिलिमीटरवर गेला की फिल्टर बदलावा असे मानतात. बिनटर्बोची मर्यादा याहून कमी असते. आपल्या गाडीचा आकडा कंपनीच्या पुस्तकातून घ्यावा.

जुन्या फिल्टरवर एक माप घ्या आणि नव्या फिल्टरवर दुसरे. फरक बराच उतरला तर दोष फिल्टरचा होता. नवा फिल्टर घालूनही आकडा चढाच राहिला तर पाइपात पाहा. टोपीखाली चिमणीचे घरटे, आत राहिलेले फडके किंवा चेपलेला रबरी पाइप निघतो. येथे एक फसगत नेहमी होते. फाटलेल्या होसच्या जागी कोणी पाण्याचा साधा पाइप लावतो. गाडी उभी असताना तो ठीक दिसतो, पण चढावर ओढ वाढली की आत चेपतो आणि गाडी तेथेच मरते. ओढीच्या बाजूला आत तारेचे वेढे असलेला होसच लावावा.

नंतर गळती. फिल्टरनंतरचा पाइप सोडून आत पांढरे फडके फिरवा. माती लागली तर हवा फिल्टरला वळसा घालून आत जाते आहे. ढिली क्लिप, चीर पडलेला होस, डब्याचे वाळलेले पॅकिंग ही तिची नेहमीची घरे. टर्बोच्या पुढच्या बाजूला गळती असेल तर हवा बाहेर जाते, पिकअप पडतो, काळा धूर येतो आणि सांध्यावर तेलकट डाग दिसतो. इंटरकूलरच्या पाकळ्यांत चिखल व किडे भरलेले असतील तर त्या पाण्याने हलक्या हाताने धुवाव्यात. बहुतेक गाड्यांना एवढेच काम पुरते.

फिल्टर टायरवर आपटून झटकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती बंद केली पाहिजे. आपटल्याने कडेची रिंग वाकते, कागद फाटतो, आणि चीर डोळ्यांना दिसतही नाही. हवा मारायची तर आतून बाहेर, नोझल दूर धरून, दाब दोन किलोच्या आत ठेवून. गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब नको. नंतर अंधारात आत बल्ब धरून पाहावे, टाचणीएवढा उजेड दिसला तरी फिल्टर बाद. आतला छोटा फिल्टर कधीही साफ करू नये, तो बदलायचाच असतो. तेलाच्या एअर क्लीनरमध्ये तेल खुणेएवढेच भरावे. कमी असेल तर माती आत जाते, आणि जास्त असेल तर इंजिन तेच तेल ओढून बेफाम पळू शकते.

आमच्या पाहण्यात एक गाडी आली होती. मालकाने "मोकळी हवा" म्हणून डबा कापून घेतला होता आणि पहिले काही महिने तो खूश होता. मग निळसर धूर सुरू झाला, इंजिन ऑइल पिऊ लागले. हेड उघडले तेव्हा लायनरवर वरच्या बाजूला बोटाला जाणवेल अशी कड पडलेली आणि रिंगा झिजून पातळ झालेल्या. गाडीवर हप्ते चालू होते आणि ती ऐन कांद्याच्या दिवसांत उभी राहिली. डबा कापणाऱ्याने आपली मजुरी केव्हाच घेतली होती. ग्राहकाची गाडी आपल्या दारात उभी असते तेव्हा ती अमानत असते, आणि "या कामाची तुमच्या गाडीला गरज नाही" असे सांगणे हाही त्या अमानतीचाच भाग आहे. वजनात मारलेले कारागिराला लगेच कळते, कामात मारलेले मात्र कधीकधी त्यालाही उमगत नाही.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना तर हात लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. त्यांपैकी अनेकांत आत जाणाऱ्या हवेचे माप सेन्सर घेतो. पाइपचा आकार बदलला की माप चुकते, बत्ती पेटते आणि कॉम्प्युटर इंजिनाची ताकद स्वतःच कमी करू शकतो. अशा गाडीचा धूर आणि इंजिन अधिकृत चाचणी संस्थेत तपासूनच ती विक्रीस येते. अशी एक संस्था, डीआरडीओची व्हीआरडीई, आपल्या नगरलाच आहे. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतील बदलांवर बंधन घालते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पीयूसीत धूर नापास झाला तर तो त्रास वेगळाच.

ज्यांना या कामाचा धंदा करायचा आहे त्यांनी "हवामार्ग तपासणी" हे स्वतंत्र काम म्हणून ठेवावे आणि त्याची मजुरी वेगळी सांगावी. एका कार्डावर गाडीचा नंबर, किलोमीटर, पाण्याच्या नळीचा आधीचा व नंतरचा आकडा, बदललेले होस व क्लिपा आणि धुराचा रंग लिहून ते मालकास द्यावे, नक्कल आपल्याकडे ठेवावी. ॲव्हरेज सांगायचे तर टाकी फुल ते टाकी फुल, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मालावर, निदान तीन फेऱ्यांचे सांगावे. पुढच्या वेळी गाडी आली की प्रथम ते कार्ड काढावे आणि नळी जोडावी, फिल्टरचा डबा त्यानंतर उघडावा, कारण विनाकारण उघडलेल्या डब्यातून प्रत्येक वेळी थोडी माती आत जातेच.